बुरुडाच्या कोटापासून अंगणवाडीपर्यंत

तुळिंज म्हणजे नालासोपारा स्टेशनच्या पूर्वेचा भाग. रुळांपलीकडे, पश्चिमेस, जुने सोपारा गाव आहे. तेथील एका उंचवट्याला लोक ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो खणला, तेव्हा आत बौद्ध स्तूप निघाला. मधोमध दगडी पेटी होती. तिच्यात तांब्याचा करंडा, त्यात चांदीचा, मग दगडाचा, स्फटिकाचा आणि शेवटी सोन्याचा. आणि सोन्याच्या डबीत काय? मातीच्या भांड्याची १३ खापरे! ती बुद्धाच्या भिक्षापात्राची असावीत, असे पंडितजींचे मत होते.

तांबट, सोनार, पाथरवट आणि कुंभार, साऱ्यांचे कसब त्या एका पेटीत एकत्र आले होते. त्या काळी कारागिरांना मान होता आणि पतही होती. नाशिकच्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे. त्याने विणकरांच्या दोन श्रेणींकडे मिळून ३००० कार्षापण व्याजाने ठेवले होते. त्याच लेण्यातील त्याच्या दानांच्या यादीत आपल्या सोपाऱ्याचेही नाव येते. जुन्नरच्या लेण्यांत तर बांबूकाम करणाऱ्यांच्या श्रेणीचा उल्लेख सापडतो.

पुढे मात्र हे कसब जातीच्या कुंपणात अडकले. बुरुडाच्या पोराने सूप-टोपली विणावी, कुंभाराच्या पोराने चाक फिरवावे. ज्याच्या हाती पाटी आली त्याच्या हाताला माती लागेना, आणि ज्याच्या हाताला माती त्याच्या वाट्याला पाटी येईना. नुकसान दोघांचेही झाले. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षण देण्याचा विचार मांडला, तो हीच फट बुजवण्यासाठी.

आता आपल्याच पालघर जिल्ह्यातले उदाहरण घेऊ. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी डहाणू तालुक्यातील बोर्डीस ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडी निघाली खरी, पण दलित वस्तीतली मुले काही तेथे येईनात. मग काय करावे? मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी! परदेशी पद्धतीची महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती. त्यांच्या जागी शंख-शिंपले, बिया, पाने, खडे आणि माती आली. अंगणात वर्ग भरला, म्हणजे उंबऱ्यावर बसलेली आई आणि आजीही तो पाहणारच. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. १९७५ साली सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर गेला.

त्याच डहाणू भागात वारली बायका लग्नघरी भिंतीवर चौक लिहीत आल्या आहेत. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ. त्यासाठी वेगळी शाळा नव्हती. थोरल्या बाईचा हात पाहून धाकटीचा हात वळे. १९७० नंतर ही कला कागदावर आली. गंजाडचे जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. कलेचे नाव झाले, ही आनंदाचीच गोष्ट. पण कागद विकत मिळतो, हाताचे वळण विकत मिळत नाही. ते शेजारी बसूनच घ्यावे लागते.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींनो, तुळिंजसारख्या दाट वस्तीत कलेचा वर्ग घ्यायचा असेल, तर फार खर्चाची गरज नाही. चाळीचा ओटा, शाळेचा व्हरांडा किंवा इमारतीचे आवार चालेल. माती, गेरू, तांदळाचे पीठ आणि बांबूच्या पट्ट्या आणाव्यात. शिकवायला बुरूड, कुंभार किंवा वारली बाई यांना बोलवावे. त्यांना गुरुजींइतकाच मान द्यावा आणि श्रमाचा मोबदलाही द्यावा. मुलांबरोबर त्यांच्या आईवडिलांनाही त्याच चटईवर बसवावे. कामकऱ्याचे आणि कारकुनाचे मूल एकाच गोळ्यातली माती वाटून घेऊ लागले, म्हणजे बोर्डीच्या अंगणात सुरू झालेले काम एक पाऊल पुढे गेले, असे खुशाल समजावे.