न कापलेली पानं

जुन्या फ्रेंच पद्धतीनं बांधलेलं पुस्तक वाचायचं तर हाताशी सुरी लागे. छापलेल्या तावांना घड्या घालून ते तसेच शिवत. जोडलेल्या कडा वाचकानं वाचता वाचता कापायच्या. त्यामुळे कोणी कुठवर वाचलं, हे कडांवरूनच कळे. अर्नेस्ट हेमिंग्वे यांची ‘युलिसिस’ची प्रत बोस्टनच्या केनेडी ग्रंथालयात आहे. तिची सुरुवातीची आणि शेवटाकडची पानं कापलेली आहेत, मधली बरीचशी मात्र जोडलेलीच. याच हेमिंग्वेंनी १९२२ मध्ये मित्राला पत्र लिहून या कादंबरीची भरभरून तारीफ केली होती.

‘युलिसिस’ २ फेब्रुवारी १९२२ रोजी, तिचा लेखक जेम्स जॉइस याच्या चाळिसाव्या वाढदिवशी निघाली. सिल्व्हिया बीच यांच्या पॅरिसमधल्या ‘शेक्सपिअर अँड कंपनी’ या दुकानानं हजार प्रती काढल्या. गोष्ट डब्लिनमधल्या एकाच दिवसाची, १६ जून १९०४ची. पण अठरा प्रकरणांची शैली सतत बदलते आणि शेवटच्या प्रकरणात विरामचिन्हं जवळजवळ नाहीतच. वाचक अडखळले ते इथे, आणि एक अडखळ जॉइसच्या घरातच होती. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्यानं मामीला कळवलं, की त्याची सहचरी नोरा मुखपृष्ठ धरून सत्ताविसाव्या पानापर्यंत आली आहे!

व्हर्जिनिया वुल्फ दोनशे पानांतच कंटाळल्या, तशी डायरीत नोंदही केली, पण त्याच वर्षीच्या सप्टेंबरात त्यांनी कादंबरी नेटानं संपवली.

पुढच्या ‘फिनेगन्स वेक’नं तर जवळची माणसंही दुरावली. कित्येक भाषांतले शब्द एकमेकांत कालवून लिहिलेली ही कादंबरी पुरी व्हायला सुमारे सोळा वर्षं लागली. जॉइसला वर्षानुवर्षं पैसे पुरवणाऱ्या हॅरिएट शॉ वीव्हर यांनी १९२७ मध्ये आपली नापसंती त्याला स्पष्ट लिहून कळवली. त्रिएस्तमध्ये त्याचा संसार सावरणाऱ्या स्टॅनिस्लॉस या धाकट्या भावानं १९३९ मध्ये भेट म्हणून देऊ केलेली प्रतही नाकारली. ही माणसं वाचनात कच्ची नव्हती. जॉइसवर त्यांचा जीव होता. म्हणून अर्ध्यात पुस्तक मिटणाऱ्याला अडाणी ठरवणं अन्यायाचं आहे.

‘युलिसिस’मधल्या संज्ञाप्रवाहाची, म्हणजे पात्राच्या मनात वाहणारे विचार तसेच मांडण्याची, वाट मराठीत बा. सी. मर्ढेकरांनी ‘रात्रीचा दिवस’ (१९४२) मध्ये धरली. त्यांच्या कविता पिढ्यांनी वाचल्या. ही कादंबरी मात्र बव्हंशी अभ्यासकांपुरती उरली. आपल्या वाचनाच्या इतिहासात ही नोंदही हवी.

एकट्याला न झेपणारं पुस्तक काहींनी मिळून वाचलं. कॅलिफोर्नियातल्या व्हेनिस इथे १९९५ मध्ये एक गट ‘फिनेगन्स वेक’ वाचायला बसला. महिन्यातून एकदा जमायचं, एखाद-दोन पानं मोठ्यानं वाचायची आणि त्यांवर बोलायचं. ऑक्टोबर २०२३ मध्ये, अठ्ठावीस वर्षांनी, ते शेवटच्या पानावर पोचले. तिथलं अपुरं वाक्य पहिल्या पानावर जाऊन जुळतं. नोव्हेंबरात त्यांनी पुन्हा पहिलं पान उघडलं.