ही गाडी खरी हाय का?

साल 1976. धाकटी पंढरी म्हणतात त्या नारायणगडावर, नगद नारायण महाराजांच्या समाधीवर डोकं टेकवून तुम्ही गड उतरलात आणि एसटीनं बीड गाठून ‘शोले’ला येऊन बसलात. बीड शहरात रुळांचा पत्ता नाही. रेल्वे यायला 2025चा सप्टेंबर उजाडणार आहे. पडद्यावर मालगाडी धडधडत येते आणि शेजारचे आजोबा विचारतात, “का रं पोरा, ही गाडी खरी हाय का?”

उत्तरासाठी तुम्ही दोन-तीन वर्षं मागं जाता, थेट पनवेलजवळच्या रुळांवर. ‘शोले’चे दिग्दर्शक रमेश सिप्पी यांचं युनिट मालगाडीच्या या एका प्रसंगावर सात आठवड्यांहून जास्त काळ राबतंय. फायरमन भट्टीचं दार उघडतो, धग तोंडावर येते, कोळशाची कणी डोळ्यात जाते. खडीवर घोडे बिचकतात. टेक फसला की गाडी मागं घ्यायची, घोडे पुन्हा जागेवर आणायचे, फावडं पुन्हा कोळशात. यातलं इंजिन कुठल्या संग्रहालयातून आणलेलं नाही. देशात अजून हजारो इंजिनं वाफेवरच धावताहेत, चालवणाऱ्यांचा हात रोजच्या सरावाचा आहे. म्हणून रुळांवरचे ओंडके उडवताना त्या गाडीचं वजन जाणवतं. हो आजोबा, खरी आहे.

पण गाडी नुसती खरी असून भागत नाही, ती कथेच्या काळालाही शोभावी लागते. आता चला कॅलिफोर्नियात, 1989-90च्या सुमारास. सिएरा रेल्वेचं 3 नंबरचं इंजिन समोर फुसफुसतंय. 1952च्या ‘हाय नून’मध्ये हेच होतं. आता ‘बॅक टु द फ्युचर’च्या तिसऱ्या भागासाठी त्याला सजवलंय. कथा 1885ची, इंजिन 1891चं. तरी ते कथेच्या काळाला फार परकं वाटत नाही, म्हणून ही सहा वर्षं मला चालतात.

आपल्याकडे मात्र जपून. गोल नाकाचं, डब्ल्यूपी वर्गाचं वाफेचं इंजिन भारतात आलं 1947मध्ये. दांडीयात्रेच्या, म्हणजे 1930च्या गोष्टीत ते स्टेशनात शिरलं, तर कलाकारांच्या खादीवर घेतलेली सगळी मेहनत पाण्यात जाते. धूर दिसला की काळ उभा राहिला, असं होत नाही. वाफेचं इंजिन मागवून सिनेमा काढणाऱ्यांनो, कॅमेरा लावण्याआधी त्याच्या अंगावरची कारखान्याची पाटी शोधा आणि बांधणीचं साल वाचा.