चलथाणचा विणकर आणि पुनःप्रशिक्षणाची कहाणी

सुरतेहून भुसावळकडे निघालेली गाडी उधना सोडल्यावर थोड्याच वेळात चलथाण स्थानकात शिरते. तापी खोऱ्याचा हा रेल्वेमार्ग एकोणिसावे शतक सरता सरता सुरू झाला आणि त्याने खानदेश सुरतेच्या दाराशी आणून ठेवला. नंदुरबार, धुळे, जळगावकडील माणसे याच वाटेने आली. कोणी कोयता घेऊन चलथाणच्या सहकारी साखर कारखान्याच्या उसात उतरले, कोणी मागावर उभे राहिले. चलथाण, कडोदरा, पळसाणा या पट्ट्यात कृत्रिम धाग्याचे कापड विणणारे व रंगविणारे कारखाने वाढले, तेव्हा त्यांना माणसे पुरविली ती ओडिशातील गंजाम जिल्ह्याने, उत्तर प्रदेशाने आणि खानदेशाने.

यंत्र सुधारले की कामगाराचे काय करावयाचे, हा प्रश्न या पट्ट्यातील कारखान्यांहून पुष्कळ जुना आहे. १९२८ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा महिने संप केला. विणकराने दोनांऐवजी तीन माग सांभाळावेत, ही मालकांची योजना त्या संपाच्या प्रमुख कारणांपैकी एक होती. स्वातंत्र्यानंतर १९५३ मध्ये औद्योगिक विवाद कायद्यात दुरुस्ती होऊन, कपात झालेल्या कामगारास सेवेच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई ठरली. १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेने आणखी पुढे जाऊन, सुधारणेपायी असलेल्या कामगारांपैकी कोणाची नोकरी वा कमाई जाऊ नये, असे मान्य केले. ठराव चांगला होता. तो पाळला गेला असता, तर पुढचा इतिहास वेगळा लिहावा लागला असता.

१९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या खिळखिळ्या झाल्या, अहमदाबादेतही एकामागून एक गिरणी बंद पडू लागली, आणि कापड भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, सुरत येथील यंत्रमागांकडे वळले. जून १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने गिरणी व यंत्रमाग यांना एकाच मापाने मोजण्याचे ठरविले. त्याच धोरणातून १५ सप्टेंबर १९८६ पासून वस्त्रोद्योग कामगार पुनर्वसन निधी अमलात आला. कायमच्या बंद पडलेल्या गिरणीतील कामगारास पहिल्या वर्षी वेतनाच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५० आणि तिसऱ्या वर्षी २५ टक्के साहाय्य मिळावयाचे. दुसऱ्या नोंदणीकृत कारखान्यात नोकरी मिळताच ते थांबावयाचे. एक अट मोठी होती: त्या गिरणीत पाच वर्षांची सलग सेवा हवी. मापात एक झालेला यंत्रमाग साहाय्याच्या वेळी मात्र वेगळाच राहिला.

१९९१ च्या औद्योगिक धोरणानंतर फेब्रुवारी १९९२ मध्ये राष्ट्रीय नूतनीकरण निधी स्थापन झाला. समुपदेशन, पुनःप्रशिक्षण आणि नवे काम ही त्याची उद्दिष्टे होती. प्रत्यक्षात पैशांचा मोठा भाग सार्वजनिक उपक्रमांतील स्वेच्छानिवृत्तीवर गेला. शिकविणे राहिले बाजूला, निरोप देणे तेवढे वेगाने झाले! २००० मध्ये हा निधी गुंडाळण्यात आला. २००५ पासून राज्य विम्याच्या राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत बेकारी भत्त्यासह व्यवसाय प्रशिक्षणाची सोय झाली. तेथेही विमाधारक असणे हीच पहिली पायरी.

त्याच सुमारास पट्ट्यातील मागही बदलत होते. १ एप्रिल १९९९ पासून तंत्रज्ञान सुधारणा निधी योजनेने नव्या यंत्रांच्या कर्जावर व्याजाची सवलत दिली, आणि सुरतेकडे धोटाविरहित मागांची आवक वाढली. साध्या मागावर धोटा ताण्यातून इकडून तिकडे धावतो आणि त्याच्या पोटात बाण्याच्या सुताची कांडी असते. ती संपली की नवी लावावी लागते, आणि रिकाम्या कांड्या पुन्हा भरणारा वेगळा माणूस लागतो. पाण्याच्या झोताने बाणा ओढणाऱ्या वॉटरजेट मागावर धोटाच नाही. सूत थेट कोनावरून येते. म्हणून तेथे कांडी भरणाऱ्याचे काम अर्ध्याने कमी होत नाही, ते नाहीसेच होते. विणकराला निदान जागा उरते. पण एकाच माणसाकडे अधिक माग येतात आणि पाण्याचा दाब, नोझल, नियंत्रण पेटी यांची नवी भाषा त्याला शिकावी लागते. ही भाषा तो बहुधा शेजारच्या सोबत्याकडून किंवा जॉबरकडून शिकतो.

सुरतेत यंत्रमाग सेवा केंद्र आहे आणि मानवनिर्मित वस्त्रांचे संशोधन करणारी ‘मंत्रा’ ही संस्थाही आहे. वस्त्र मंत्रालयाची कौशल्य विकास योजना २०१० मध्ये आली, पुढे ‘समर्थ’ आली. वर्ग निघाले, हे नाकारता येत नाही. अडचण विणकराच्या मजुरीत आहे. त्याला मीटरवर पैसे मिळतात आणि पाळी बारा तासांची असते. माग ज्या दिवशी चालला नाही त्या दिवशी कमाई नाही. मग वर्गात बसावयाचे कोणत्या दिवशी? १९८६ च्या निधीत वेतनाचा हिशेब तरी होता. या नव्या शिकवणीत विणकराच्या बुडालेल्या दिवसाचा हिशेब कोणी मांडलेला दिसत नाही. यंत्रासाठी कर्ज, व्याज आणि अनुदान यांचे आकडे मात्र काटेकोर असतात.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. तीत कामगार पुनर्कौशल्य निधीची तरतूद आहे: कपात झालेल्या कामगारापोटी मालकाने त्याच्या अखेरच्या पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम भरावी आणि ती कपातीपासून ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यावर जमा व्हावी. पंधरा दिवसांच्या पैशांत कोणता नवा धंदा शिकता येईल, हा भाग अलाहिदा. त्याआधीची गोष्ट अशी की, मस्टरवर नाव नसलेल्या कांडी भरणाऱ्याच्या कपातीचा कागदच निघत नाही. उद्यापासून येऊ नकोस, एवढे ठेकेदाराने सांगितले की पुरते.