बाळ घरी येतंय, मग कुत्र्या-मांजराचं काय करायचं?

"बाळ येणार आता, मग त्या कुत्र्याचं काय करणार?"

ओटीभरणाला आलेल्या मावशी-काकूंपैकी कुणीतरी हा प्रश्न विचारतंच. विचारतात काळजीपोटी. पण उत्तर अनेक घरांत आधीच ठरलेलं असतं. कुत्र्याला अंगणात बांधायचं, मांजराला घराबाहेर काढायचं आणि अगदीच नाही जमलं तर लांब कुठेतरी सोडून यायचं.

आता हेच कुत्र्याच्या बाजूने पाहा. कालपर्यंत तो सोफ्याखाली झोपत होता. आज घरात रडणारा, वेगळ्याच वासाचा एक छोटा जीव आला आणि त्याच दिवशी त्याच्या गळ्यात साखळी पडली. बाळ आलं की आपलं सगळं जातं, असंच तो शिकतो.

म्हणून या सगळ्या विषयातला सर्वांत महत्त्वाचा नियम एकच आहे. जे बदल करायचे ते बाळ येण्याच्या आधी करा, बाळ आल्यावर नाही.

आपल्याकडे वेळ मिळतो, तो वापरा

इंटरनेटवरचे बहुतेक सल्ले असं गृहीत धरतात की आई दोन-तीन दिवस दवाखान्यात राहते आणि बाळाला घेऊन थेट स्वतःच्या घरी येते. आपल्याकडे पहिलं बाळंतपण अनेकदा माहेरी होतं. म्हणजे अहिल्यानगरमधल्या घरातली सून सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी जाते आणि बाळ दोन-तीन महिन्यांचं झालं की परत येते.

कुत्र्यासाठी हा दुहेरी धक्का असतो. आधी घरातलं आवडतं माणूस गायब होतं. मग ते परत येतं, पण त्याचं सगळं लक्ष कडेवरच्या बाळाकडे असतं. मात्र तयारीसाठी यात कित्येक आठवडे हाताशी मिळतात.

या काळात काय करता येईल?

- वेळापत्रक बदला. कुत्र्याला रोज आईच फिरवत असेल, खायला देत असेल, तर ही कामं आतापासून दुसऱ्या कुणाकडे द्या.
- झोपायची जागा ठरवा. पाळण्याच्या खोलीत त्याला येऊ द्यायचं नसेल तर ती सवय आत्ताच लावा. दाराला अर्ध्या उंचीची जाळी लावली तर त्याला आतलं दिसतं, पण आत येता येत नाही.
- आवाज ऐकवा. माहेराहून बाळाच्या रडण्याचं रेकॉर्डिंग मागवा. आधी अगदी हळू आवाजात लावा आणि सोबत त्याच्या आवडीचा खाऊ द्या. तो शांत राहिला तरच दुसऱ्या दिवशी आवाज थोडा वाढवा.
- वास ओळखीचा करा. बाळाला भेटायला गेलेल्या माणसाने येताना न धुतलेलं दुपटं आणावं. कुत्र्याला ते लांबून हुंगू द्या. ओढायला किंवा चावायला देऊ नका.
- डॉक्टरांकडे जा. रेबीजची लस, जंताचं औषध, गोचीड-पिसवांवरचे उपचार हे सगळं बाळ येण्याआधी पूर्ण करा. कुत्र्याच्या पोटातले काही जंत लहान मुलांनाही होऊ शकतात.

बाळंतपण जिथे होणार त्या माहेरच्या घरात कुत्रा असेल तर हीच तयारी तिथे करावी लागेल.

पहिली भेट कशी घडवायची?

आई आत येताना बाळ दुसऱ्या कुणाकडे असू द्या. इतक्या दिवसांनी भेटलेला कुत्रा उड्या मारणारच. त्याला आईला मनसोक्त भेटू द्या. तो शांत झाला की मगच बाळाला आणा.

त्याच्या गळ्यात पट्टा असावा आणि दोरी मोठ्या माणसाच्या हातात, पण सैल. बाळाला घेऊन कुणीतरी बसावं आणि कुत्र्याला चार-पाच फुटांवरून पाहू द्यावं. तो शांत राहिला की शाबासकी आणि खाऊ द्या. बाळाला त्याच्या तोंडासमोर धरू नका. फोटो आणि रीलसाठी तर नाहीच. पहिल्या दिवशी दोन-तीन मिनिटं पुरेशी आहेत.

त्यानंतर बाळ जागं असतानाही कुत्र्याला थोडा वेळ द्या. बाळ झोपल्यावरच त्याचे लाड केलेत तर बाळ जागं असणं म्हणजे आपल्याकडे दुर्लक्ष, हे समीकरण त्याच्या डोक्यात पक्कं होतं.

आणि एक नियम कधीच मोडायचा नाही. कुत्रा कितीही गरीब असला तरी बाळ आणि तो एका खोलीत एकटे नकोत. दूध गरम करायला दोन मिनिटं जायचं असलं तरीही.

गुरगुरला म्हणून मारू नका

कुत्रा अचानक चावला असं आपण म्हणतो. बहुतेक वेळा त्याने आधी सांगितलेलं असतं. मान फिरवणं, वारंवार ओठ चाटणं, झोप आलेली नसताना जांभया देणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल असं तिरकं पाहणं, एकदम ताठ होऊन थांबणं या सगळ्याचा अर्थ "मला त्रास होतोय" असा आहे.

गुरगुरणं ही शेवटच्या इशाऱ्यांपैकी एक. त्यासाठी मारलं तर तो इशारा द्यायचं थांबवतो आणि पुढच्या वेळी थेट चावू शकतो. त्याऐवजी बाळाला लांब न्या आणि तो कशामुळे गुरगुरला ते पाहा.

बाळ रांगायला लागलं की खरी परीक्षा सुरू होते. आता ते शेपूट ओढतं, कुत्र्याच्या ताटात हात घालतं. म्हणून त्याची खाण्याची आणि झोपण्याची जागा बाळाच्या वाटेबाहेर हवी.

मांजर बाळाचा श्वास ओढते का?

नाही. हा जगभर पसरलेला जुना गैरसमज आहे. मांजरीला उबदार जागा आवडते, म्हणून ती पाळण्यात शिरू शकते. तान्ह्या बाळाच्या तोंडाजवळ ती झोपली तर गुदमरण्याचा धोका मात्र असतो. बाळ झोपलेलं असताना त्या खोलीचं दार बंद ठेवा आणि पाळण्याला जाळी लावा.

गरोदरपणात मात्र एक काळजी घ्यावी लागते. टोक्सोप्लाझ्मोसिस हा संसर्ग मांजरीच्या विष्ठेतून होऊ शकतो आणि पोटातल्या बाळाला तो धोक्याचा असतो. विष्ठेतले जंतू संसर्ग करण्याच्या अवस्थेत यायला किमान एक दिवस लागतो. म्हणून मांजरीची मातीची पेटी रोज साफ करावी आणि ते काम गरोदर बाईने करू नये. हाच संसर्ग अर्धवट शिजलेलं मांस आणि न धुतलेल्या भाजीतूनही होतो. त्यामुळे नुसतं मांजर बाहेर काढून धोका संपत नाही.

अंगणात बांधलं तर काय बिघडलं?

अहिल्यानगर जिल्ह्यात या प्रश्नाचं एक वेगळं उत्तर आहे, बिबट्या.

अकोले परिसरातल्या ऊसशेतीच्या पट्ट्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला. तिथल्या बिबट्यांच्या आहारात सर्वाधिक वाटा कुत्र्यांचा निघाला, वजनाच्या हिशेबाने सुमारे ३९ टक्के.

वस्तीवर, उसाच्या कडेला घर असेल तर रात्री अंगणात साखळीला बांधलेला कुत्रा म्हणजे बिबट्यासाठी सोपी शिकार. त्याला पळताही येत नाही. शिवाय बिबट्या दाराशी येणं हे तान्हं बाळ असलेल्या घराला कसं परवडेल? कुत्र्याला घरात घ्यायचं नसेल तर रात्रीपुरती पडवीत किंवा गोठ्याजवळ पक्क्या जाळीची, दार आणि छत असलेली बंदिस्त जागा करा.

बारसं आणि डिंकाचे लाडू

बारशाला घर पाहुण्यांनी भरतं. एकामागून एक अनोळखी माणसं बाळाला उचलतात. अशा गोंधळात कुत्र्याला आधीच शांत खोलीत, पाणी आणि खेळणं देऊन ठेवा.

बाळंतिणीसाठी केलेल्या लाडवांचा डबाही त्याच्यापासून लांब ठेवा. त्यात बेदाणे किंवा मनुका असतील तर त्यामुळे कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते.

ओरखडा आला किंवा चावला तर?

जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरचीपूड काहीही लावू नका. लगेच दवाखाना गाठा. कुत्रा घरचा आहे, त्याला लस दिलेली आहे म्हणून थांबू नका. लस कोणती आणि किती, हे डॉक्टर ठरवतील. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळपास वाचतच नाही, पण वेळेवर लस घेतली तर हा आजार टाळता येतो.

ठेवायचं की नाही?

काही घरांत खरंच जमत नाही. कुत्रा आधी कुणाला चावलेला असेल किंवा तयारी करूनही बाळाकडे पाहून ताठ होत असेल, तर पशुवैद्यकाशी बोला. गरज पडली तर त्याच्यासाठी ओळखीतलं दुसरं घर शोधा. यात कमीपणा काही नाही. पण महामार्गावर किंवा ढाब्याजवळ सोडून येणं हा पर्याय नाही. पाळीव प्राण्याला असं वाऱ्यावर सोडणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे.

जिथे जमतं तिथे बाळाचाही फायदा होऊ शकतो. फिनलंडमध्ये ३९७ बाळांची पहिल्या वर्षभर पाहणी झाली होती. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, घरी कुत्रा असलेल्या बाळांना श्वसनाचे आणि कानाचे त्रास कमी झाल्याचं दिसलं. कुत्र्यामुळेच असं झालं, हे यातून सिद्ध होत नाही. पण कुत्रा असला म्हणजे बाळ आजारी पडणारच, ही भीती मात्र यातून नक्की कमी होते.

त्यामुळे ओटीभरणात कुणी विचारलंच, "कुत्र्याचं काय करणार?" तर सांगा, "त्याची तयारी चालू आहे."