माळवद

आमचं घर माळवदाचं. दगड-मातीच्या भिंती दोन-अडीच हात रुंद, वर तुळया, फळ्या आणि त्यावर हातभर पांढरी माती. गळायला लागलं की दर मिरगाआधी आणखी चार पाट्या माती पडायची. असं वजन पिढ्यानपिढ्या वाढत गेलं.

पण वैशाखात आत गारवा असायचा. माती ऊन घ्यायची, पण सावकाश. दुपारची उष्णता आत पोचेस्तोवर रात्र व्हायची, आणि तोवर आम्ही वर माळवदावर पथारी टाकलेली. आज्जी म्हणायची, "भिंत ऊन पिती, लेकरा. आपल्याला पाजीत न्हाई."

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. लातूर-उस्मानाबादेत जवळजवळ १०,००० माणसं गेली. बहुतेक असल्याच भिंतींखाली, असल्याच मातीखाली. आमचं गाव लांब, नुसत्या भेगा पडल्या. तरी महिन्याभरात वडलांनी माळवद उतरवलं, पत्रे घातले.

पत्रा पातळ. ऊन लागलं की लगेच तापतो आणि धग थेट डोक्यावर सोडतो. पुढच्या उन्हाळ्यात आज्जी दिवसभर लिंबाखाली बसायची. एकदा वडलांशी कडकडून भांडली. ते एवढंच म्हणाले, "माय, उकडंल खरं. पण पत्रा पडला तर निजलेली लेकरं उठतील तरी."

आज्जी गप्प झाली. संध्याकाळी तिनंच तुराट्या आणवल्या आणि पत्र्यावर पसरायला लावल्या.