शून्य रुग्ण म्हणजे नेमके काय? भारताच्या पोलिओ सर्वेक्षणाचा इतिहास

१९९६ साली भारतात पोलिओच्या सुमारे एक हजार रुग्णांची नोंद झाली. १९९८ साली हाच आकडा चार हजारांच्या पुढे गेला. या काळात लसीकरण थंडावले होते असे नाही. ९ डिसेंबर १९९५ रोजी देशव्यापी पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली होती आणि कोट्यवधी बालकांना डोस मिळत होते. तरीही रुग्ण चौपट झाले. याचे मुख्य कारण रोगाच्या नव्हे, तर मोजणीच्या इतिहासात सापडते.

तोपर्यंतची पद्धत साधी होती. सरकारी दवाखान्यांतून जिल्ह्याकडे, जिल्ह्यातून राज्याकडे आणि तेथून दिल्लीकडे अहवाल जात. खासगी डॉक्टरकडे, वैदूकडे किंवा हाडवैद्याकडे नेलेले मूल या कागदांवर बहुधा येतच नसे. एखाद्या जिल्ह्याच्या रकान्यात शून्य दिसले, तर तेथे रोग नाही की तो शोधणारे कोणी नाही, हे सांगण्याचा मार्ग नव्हता.

१९९७ साली भारत सरकार आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून राष्ट्रीय पोलिओ सर्वेक्षण प्रकल्प उभा केला. त्याने शोधाचा विषयच बदलला. पोलिओचे रुग्ण कळवा, असे डॉक्टरांना सांगण्याऐवजी, पंधरा वर्षांखालील ज्या कोणा मुलाला अचानक लुळेपणा येईल त्याची खबर द्या, असे सांगण्यात आले. डॉक्टरचे स्वतःचे निदान काहीही असो. लुळेपणा आल्यापासून १४ दिवसांच्या आत, किमान २४ तासांच्या अंतराने, शौचाचे दोन नमुने घ्यायचे आणि ते बर्फात ठेवून प्रयोगशाळेत पोहोचवायचे. साठ दिवसांनी मुलाची पुन्हा तपासणी करायची. खबर देणाऱ्या प्रत्येक केंद्राने दर आठवड्याला अहवाल पाठवायचा. रुग्ण नसेल तर ‘निरंक’ असा, पण पाठवायचाच. पुढे या जाळ्यात तीस हजारांहून अधिक केंद्रे आली आणि त्यांत पारंपरिक उपचार करणारेही होते.

या रचनेतील खरी युक्ती आकडेशास्त्राची आहे. मुलांमधील अचानक येणारा लुळेपणा केवळ पोलिओमुळे येत नाही. गुलियन-बारे आजार, मज्जारज्जूचा दाह अशी त्याची इतर कारणे असतात आणि पोलिओ समूळ गेला तरी ती राहतात. त्यामुळे पंधरा वर्षांखालील दर लाख मुलांमागे वर्षाला किमान एक तरी पोलिओ नसलेला लुळेपणा सापडलाच पाहिजे, असा निकष ठरला. भारताने पुढे तो दोनवर नेला. किरणोत्साराच्या मापकात नैसर्गिक पार्श्वभूमीची टिकटिक ऐकू येत असते. ती थांबली तर आसपास किरणोत्सार नाही असे कोणी मानत नाही. मापक बंद पडला, असेच समजतात. ज्या जिल्ह्यातून इतर लुळेपणाचीही खबर येत नसे, तेथील पोलिओचे शून्य याच न्यायाने अमान्य ठरे.

मोजमापाची व्याख्या बदलली की आकड्यांची मालिका तुटते, हाही धडा याच काळातला. २००० सालापासून भारताने लक्षणांवरून केलेले निदान सोडले आणि प्रयोगशाळेत विषाणू सापडला तरच पोलिओ धरण्यास सुरुवात केली. त्या वर्षी २६५ आणि २००१ मध्ये २६८ रुग्ण आढळले. २००२ मध्ये मात्र ते १,६०० झाले, त्यांतील बहुसंख्य उत्तर प्रदेशातील. १९९८ च्या आलेखासारखाच हा चढ दिसतो, पण या वेळी व्याख्या तीच होती आणि विषाणू प्रत्यक्ष हाती आलेला होता. हा उद्रेक खरा होता. तो तसा ओळखता आला म्हणूनच पुढील मोहिमांचा भर कोठे द्यायचा हे ठरले.

२००१ पासून मुंबईत सांडपाण्याचीही तपासणी सुरू झाली. संसर्ग झालेल्या बहुतेक मुलांना लुळेपणा येत नाही, पण विषाणू शौचावाटे बाहेर पडतो. मुंबईच्या सांडपाण्यात सापडलेल्या विषाणूंचे आनुवंशिक नाते उत्तर प्रदेश व बिहारमधील विषाणूंशी जुळत असे. कोणाला लुळेपणा येण्याची वाट न पाहता विषाणूचा प्रवास त्यामुळे दिसू लागला.

१३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात एका बालिकेला लुळेपणा आला. नैसर्गिक पोलिओ विषाणूचा तो भारतातील शेवटचा रुग्ण. त्या एका वर्षात लुळेपणाच्या पन्नास हजारांहून अधिक रुग्णांची चौकशी झाली. २७ मार्च २०१४ रोजी भारतासह आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला, तो या अखंड शोधाच्या पुराव्यावर.

ही पद्धतही निर्दोष नव्हती. इतर लुळेपणाचे प्रमाण दर लाखामागे दहाच्याही वर गेले, तेव्हा ते केवळ दक्षतेचे लक्षण आहे की आणखी काही, असा प्रश्न काही डॉक्टरांनी उपस्थित केला आणि त्यावर वाद झाला. मापकाचीही तपासणी करावी लागते, हे त्यातून दिसले.

इतर बहुतेक रोगांना अशी अंगभूत पार्श्वभूमी नाही. २००४ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्पात आरोग्यसेवक, डॉक्टर आणि प्रयोगशाळा यांचे साप्ताहिक अहवाल वेगवेगळ्या नमुन्यांत येऊ लागले. २०२१ पासून ही माहिती संगणकीय मंचावर भरली जाते. अहवाल लवकर पोहोचणे ही मोठी सोय आहे. पण न पाठवलेला अहवाल आणि न आढळलेला रोग यांतील फरक वेगाने मिटत नाही. डेंग्यूच्या अधिकृत आकड्यात एलायझा चाचणीने निश्चित झालेलेच रुग्ण धरले जातात. झटपट चाचणीवर निदान झालेला रुग्ण तापाने फणफणला तरी त्या आकड्याबाहेर राहतो.

म्हणून ‘रुग्ण घटले’ अशी बातमी आली की तीन गोष्टी विचाराव्यात: यंदा चाचण्या किती झाल्या, किती केंद्रांनी अहवाल पाठवले आणि रुग्णाची व्याख्या गेल्या वर्षीचीच आहे का. भारताच्या पोलिओ सर्वेक्षणाकडे या तिन्हींची उत्तरे होती, म्हणून त्याचे शून्य जगाने मान्य केले.