शरदातील हंगाम : चित्रपटांची प्रतीक्षा कशी घडते?

सप्टेंबरमधील पहिला सोमवार हा अमेरिकेत 'लेबर डे'चा, म्हणजे कामगार दिनाच्या सुट्टीचा दिवस. त्या दिवशी तेथील उन्हाळा संपतो, तसा चित्रपटगृहांतील उन्हाळाही संपतो. मे महिन्यापासून पडदा व्यापून बसलेले अतिमानव, अंतराळयाने आणि अजस्र श्वापदे मागे सरतात आणि माणसांच्या गोष्टींना जागा मिळू लागते. सप्टेंबर ते डिसेंबर हा हॉलिवूडचा शरद हंगाम. 'यंदाचे बहुप्रतीक्षित चित्रपट' अशा याद्या जगभरच्या वृत्तपत्रांत याच सुमारास झळकतात. मात्र ही प्रतीक्षा आपोआप निर्माण होत नाही. तिच्यामागे महोत्सव, पुरस्कारांचे नियम आणि बाजारपेठ यांची ठरलेली साखळी असते.

हंगामाची विभागणी

हॉलिवूडच्या वर्षाचे दोन तुकडे ठळकपणे पडले ते १९७५ नंतर. त्या वर्षी जूनमध्ये स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा 'जॉज' एकाच वेळी शेकडो पडद्यांवर झळकला. शाळांना सुट्टी असताना मोठा चित्रपट सर्वत्र एकदम लावावा आणि दूरचित्रवाणीवर जाहिरातींचा मारा करावा, हे तंत्र तेव्हापासून रूढ झाले. प्रौढ प्रेक्षकांसाठीचा, संथ गतीचा चित्रपट आपसूकच वर्षाच्या उत्तरार्धाकडे ढकलला गेला.

अर्थात शरदातही सगळेच चित्रपट गंभीर नसतात. ऑक्टोबरअखेरच्या 'हॅलोवीन'साठी भयपट राखून ठेवलेले असतात. 'सॉ' या मालिकेचा एकेक भाग २००४ ते २०१० अशी सलग सात वर्षे याच महिन्यात आला. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येणाऱ्या 'थँक्सगिव्हिंग'ला सारे कुटुंब एकत्र जमते, म्हणून त्या सुमारास कौटुंबिक चित्रपट येतात. पहिला 'हॅरी पॉटर' नोव्हेंबर २००१ मध्ये आला, 'फ्रोझन' नोव्हेंबर २०१३ मध्ये. आपल्याकडे हिंदी निर्माते पितृपंधरवडा टाळून दिवाळीवर डोळा ठेवतात, त्यातलाच हा प्रकार.

पहिले तीन थांबे

शरदातील महत्त्वाकांक्षी चित्रपटांचा प्रवास मात्र चित्रपटगृहात सुरू होत नाही. ऑगस्टअखेरीस व्हेनिसजवळच्या लिडो बेटावर १९३२ पासूनचा, जगातील सर्वात जुना चित्रपट महोत्सव भरतो. त्याच सुमारास कोलोरॅडोच्या डोंगरांतील टेल्युराइड या चिमुकल्या गावात दुसरा महोत्सव होतो. १९७४ मध्ये सुरू झालेल्या या महोत्सवात कोणते चित्रपट दाखवणार, हे आदल्या दिवसापर्यंत गुप्त ठेवले जाते. पाठोपाठ येतो कॅनडातील टोरांटोचा महोत्सव. येथील प्रमुख पुरस्कार परीक्षक मंडळ देत नाही, तर तिकीट काढून आलेले प्रेक्षक मतदानाने देतात. त्यामुळे सामान्य रसिकांना काय भावते, याचा अंदाज वितरकांना येथेच येतो. 'अमेरिकन ब्यूटी' (१९९९), 'द किंग्ज स्पीच' (२०१०), 'ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह' (२०१३) आणि 'ग्रीन बुक' (२०१८) या चित्रपटांना आधी टोरांटोच्या प्रेक्षकांनी निवडले आणि नंतर ऑस्करच्या मतदारांनी. 'नोमॅडलँड'ने तर २०२० मध्ये व्हेनिसचा सुवर्णसिंह, टोरांटोचा प्रेक्षक पुरस्कार आणि पुढे ऑस्कर असे तिन्ही सन्मान मिळवले.

दोन वर्षांतील दोन टोके

ऑस्करसाठी पात्र ठरायचे तर चित्रपट ३१ डिसेंबरपर्यंत लॉस एंजेलिसमधील चित्रपटगृहात लागून सलग सात दिवस चालला पाहिजे, हा अनेक दशकांचा नियम. अलीकडे त्या शहराच्या जोडीला न्यू यॉर्क, शिकागो यांसारख्या आणखी पाच महानगरांचा पर्याय देण्यात आला. २०२४ मधील चित्रपटांपासून मात्र सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या स्पर्धेसाठी अधिक शहरांत प्रदर्शन बंधनकारक झाले.

सात दिवसांच्या या अटीचा चतुर उपयोग १९७८ मध्ये झाला. व्हिएतनाम युद्धाने होरपळलेल्या मित्रांची तीन तासांची कहाणी सांगणारा मायकेल चिमिनो यांचा 'द डियर हंटर' डिसेंबरमध्ये न्यू यॉर्क आणि लॉस एंजेलिस येथे थोडक्या दिवसांसाठी दाखवून काढून घेण्यात आला. उत्सुकता आणि चर्चा वाढू दिली गेली आणि पुढील वर्षाच्या प्रारंभी तो सर्वत्र पोहोचला. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटासह पाच ऑस्कर मिळाले.

त्याच चिमिनो यांचा 'हेवन्स गेट' नोव्हेंबर १९८० मध्ये अशाच प्रतीक्षेच्या लाटेवर न्यू यॉर्कमध्ये आला. समीक्षकांनी त्याच्यावर इतकी कठोर टीका केली, की आठवडाभरातच तो मागे घ्यावा लागला. चार कोटी डॉलरहून अधिक खर्च बुडाला आणि पुढच्याच वर्षी चार्ली चॅप्लिन प्रभृतींनी स्थापन केलेली 'युनायटेड आर्टिस्ट्स' ही कंपनी विकली गेली. प्रतीक्षा चित्रपटाला तारते, तशी बुडवूही शकते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

मुंबईच्या गोष्टीचे नशीब

या साखळीचा सर्वात विलक्षण लाभ झाला तो मुंबईत चित्रित झालेल्या 'स्लमडॉग मिल्यनेअर'ला. २००८ मध्ये त्याचे अमेरिकी वितरण ज्या 'वॉर्नर इंडिपेंडंट' या शाखेकडे होते, ती शाखाच बंद करण्यात आली. चित्रपट थेट डीव्हीडीवर जाण्याची चिन्हे होती. 'फॉक्स सर्चलाइट'ने तो हाती घेतला. ऑगस्टअखेर टेल्युराइड, सप्टेंबरमध्ये टोरांटोचा प्रेक्षक पुरस्कार, नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत मोजक्या पडद्यांवर प्रदर्शन आणि मग हळूहळू विस्तार अशी त्याची वाटचाल झाली. फेब्रुवारी २००९ मध्ये त्याने आठ ऑस्कर पटकावले. ए. आर. रहमान, गुलजार आणि रसूल पुकुट्टी यांची नावे त्या रात्री जगभर गेली.

मराठीचा वाटा

परभाषिक चित्रपटांच्या ऑस्करसाठी प्रत्येक देशाला एकच प्रवेशिका पाठवता येते. भारताची निवड फिल्म फेडरेशन ऑफ इंडिया साधारणतः सप्टेंबरमध्ये करते. २००४ मध्ये हा मान संदीप सावंत यांच्या 'श्वास'ला मिळाला. 'श्यामची आई'नंतर सुमारे पन्नास वर्षांनी राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळवणारा हा मराठी चित्रपट. मात्र लॉस एंजेलिसमध्ये मतदारांपर्यंत पोहोचायचे, तर खेळ लावावे लागतात, जाहिराती द्याव्या लागतात. एवढे बळ निर्मात्यांपाशी नव्हते. महाराष्ट्रात त्यासाठी लोकवर्गणी जमा झाली. नामांकन मिळाले नाही. परंतु उत्तम चित्रपट आणि स्पर्धेतील चित्रपट यांच्यामधले आर्थिक अंतर मराठी प्रेक्षकांना त्या शरदात प्रथमच जवळून दिसले.

पुढे 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (२००९) आणि 'कोर्ट' (२०१५) हेही भारताचे प्रतिनिधी ठरले. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'ने २०१४ च्या व्हेनिस महोत्सवात 'ओरिझोन्ती' विभागाचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा आणि सर्वोत्कृष्ट पदार्पणाचा, असे दोन पुरस्कार मिळवले होते. २०२० मध्ये त्यांच्याच 'द डिसायपल'ला व्हेनिसच्या मुख्य स्पर्धेत सर्वोत्कृष्ट पटकथेचा पुरस्कार मिळाला. शास्त्रीय संगीताच्या साधकाची ही मराठी कथा भारतीय प्रेक्षकांपर्यंत मात्र २०२१ मध्ये घरच्या पडद्यावरूनच, 'नेटफ्लिक्स'मार्गे पोहोचली.

यादीबाहेरचे चित्रपट

शरदाचा नियम अटळ नाही. 'ग्लॅडिएटर' मे २००० मध्ये आणि 'ओपनहायमर' जुलै २०२३ मध्ये आला, तरी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर त्यांनाच मिळाले. उलट १९९४ च्या शरदात आलेल्या 'द शॉशँक रिडेम्प्शन'ला पहिल्या प्रदर्शनात निर्मितीचा खर्चही वसूल करता आला नाही. सात नामांकने मिळूनही ऑस्कर एकही मिळाले नाही. व्हिडिओ कॅसेट आणि दूरचित्रवाणी यांच्याद्वारे प्रेक्षकांनी तो स्वतः शोधून काढला आणि आज तो जगातील सर्वाधिक आवडत्या चित्रपटांत गणला जातो.

महाराष्ट्रातील रसिकाला या हंगामाची झलक पाहण्याची जवळची जागा म्हणजे पणजी. भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव २००४ पासून गोव्यात, नोव्हेंबरच्या उत्तरार्धात भरतो आणि व्हेनिस, टोरांटो येथे गाजलेले काही चित्रपट तेथे पाहावयास मिळतात. तेथे रांगेत उभे राहताना 'बहुप्रतीक्षित' चित्रपटांची यादी हाती जरूर असावी. मात्र पुढचा 'शॉशँक' कदाचित त्या यादीत नसेल, याचेही भान असावे.